भाऊजींच्या मोटरीचा लेखी अहवाल

जुनवानी, भिलाई
सोमवार, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप भाऊजी शामसुंदरजी यांच्या पायांशी धाकट्या साळ्याचा, म्हणजे तेजरामचा, ग्रीसच्या हातांनी नमस्कार. (डाव्या कोपऱ्यावर उमटलेला काळा अंगठा ही सही नव्हे, डाग आहे. तीनदा साबण लावला.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आमच्या सौ. कौशल्याची कंबर ठीक आहे. कलाबाई ठीक आहे, तिच्या डोळ्यांची तपासणी झाली, नंबर वाढलाय, चष्मा बनायला टाकलाय. तुमची तब्येत कशी आहे? छातीत बसवलेल्या दोन स्प्रिंगा जागेवर आहेत ना? कलाबाई इकडे माहेरी असली तरी गोळ्या वेळेवर घेता ना? रोज सकाळी फिरायला जाता हे चांगलं, पण फिरता फिरता पाय तलावाकडेच वळतात आणि तुम्ही तासभर काठावर बसून राहता, अशी बातमी तुमच्या अर्जुनीहून आमच्यापर्यंत आली आहे. बसायला हरकत नाही. हे पत्रही बसूनच वाचा.

पत्राचं कारण तुम्हीच. परवा फोनवर मी "भाऊजी, मला धक्का बसला" एवढंच म्हणालो, तर तुम्ही मला तिथेच तोडलंत आणि तोंडी काही नको, लेखी कळव, असं फर्मावून फोन ठेवलात. धरणावर खात्याची लाँच चालवण्यात तुमची हयात गेली, तेव्हा कागदाशिवाय तुमचा कशावर विश्वास बसत नाही हे मी समजू शकतो. कलाबाईलाही लेखीच पसंत पडलं. तिचं म्हणणं असं की फोनवरचा धक्का छातीला एकदम लागतो, पत्रातला माणसाला थोडा थोडा घेता येतो. म्हणून मी ठरवलंय की जिथे धक्का येणार असेल तिथे आधी कंसात सूचना देईन. स्टील प्लांटमध्ये डोक्यावरून क्रेन जायच्या आधी घंटा वाजायची, तसंच समजा.

मूळ गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी अहवालात ती लिहावी लागते. लाँच बंद झाल्यावर खात्याच्या लिलावात तुम्ही ही मोटर उचललीत, स्वतःच्या डोंग्याला लावलीत आणि रोज सकाळी एकटे तलावात जात राहिलात. मग छातीचं झालं. मोटर दीड वर्ष गोठ्यात पडली. डॉक्टरांनी सांगितलं की हिसक्याची कामं बंद, दोरी ओढून मोटर सुरू करणं तर मुळीच नाही. त्यावर तुमचा युक्तिवाद असा की निरोगी मोटर एका हिसक्यात सुरू होते, आणि एक हिसका म्हणजे काही हिसका नव्हे. वीस हिसके लागतात ते कार्बोरेटर बिघडल्यामुळे, तेव्हा कार्बोरेटर नीट करून आणा. कलाबाईचं म्हणणं, मधोमध तलावात एकटा माणूस आणि त्याची अशी छाती, हे ती जिवंत असेपर्यंत होणार नाही. थोडक्यात, मी कार्बोरेटर दुरुस्त केला तर तुम्ही पाण्यात, नाही केला तर घरात खुर्चीवर. एवढा भार एका साळ्याच्या पान्यावर टाकून तुम्ही ती मोटर नेमकी कलाबाईबरोबरच धाडलीत, ही तुमची हिंमत मात्र मानली पाहिजे.

राईस मिलच्या पिकअपमधून ती आली तेव्हा कलाबाई ड्रायव्हरशेजारी आणि मोटर मागे पोत्यांवर, जुन्या लुगड्यात गुंडाळून आडवी. गल्लीतल्यांना वाटलं, गावाकडून आजारी माणूस आणलाय. मी छत्तीस वर्षं कोक ओव्हनच्या गॅस लाइनवर फिटर होतो, तेव्हा कामाला हात लावायची माझी एक रीत आहे. आधी परमिट. कौशल्याकडून जुन्या डायरीत "अंगण ताब्यात दिले" असं लिहून सही घेतली. (तिने खाली "संध्याकाळपर्यंतच" असं जोडलं. त्याला आज अकरा दिवस झाले.) मग मोटरीच्या मुंडक्यावर लाल पाटी टांगली, सावधान, आदमी काम पर है. मग नियमाप्रमाणे मोटर, नळी आणि पेट्रोलची टाकी यांवर जेवढे म्हणून स्क्रू, व्हॉल्व आणि झाकणं दिसली तेवढी घट्ट बंद केली. गॅसवाल्याच्या हाताला उघडं काही सहन होत नाही. कलाबाई समोर वाटाणे सोलत हे सगळं बघत होती. ती काही बोलली नाही. खरं तर त्या दिवसापासून ती मोटरीविषयी एक अक्षर बोलली नाही, आणि ज्या बाईने मला मुंजीच्या वयापासून एक खिळा सल्ल्याशिवाय ठोकू दिला नाही तिचं असं गप्प राहणं हाच खरं म्हणजे पहिला धक्का होता. तो मी मोजला नाही, ही माझी चूक.

दोरी ओढली. तेवीस वेळा ओढली. काही नाही. प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत. म्हणजे ठिणगी येते, पेट्रोल येत नाही. टाकीत पेट्रोल, नळीतला रबरी फुगा दाबून दाबून कडक, तरी पुढे थेंब नाही, तेव्हा अडलंय ते कार्बोरेटरमध्येच. इथपर्यंत तुमचं निदान बरोबर होतं. मी कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी धरून ठेवणारे स्क्रू काढले आणि वाटी अलगद सोडवली. (इथे बसून घ्या. पाणी जवळ ठेवा.)

आत पेट्रोल नव्हतं. काकवी होती. दीड वर्षापूर्वी तुम्ही मोटर बंद केलीत ती वाटीतलं पेट्रोल न काढता, आणि हल्लीचं पेट्रोल काय लायकीचं आहे हे मी सांगायला नको. उडायचं ते उडून गेलं, राहिलं त्याचा चिकट पाक झाला, त्यावर हिरवट बुरशीसारखा थर, आणि त्या पाकात एक मुंगळा पाय वर करून पडलेला. हे मी समजू शकलो असतो. पण वाटी आणि वरचा भाग यांच्यामध्ये जे गास्केट असतं, पेट्रोल गळू नये म्हणून लावतात ती चकती, ती तुम्ही घरी कापलेली होती. जाड कागदाची. पांढरट गुलाबी. मी ती चिमट्याने उजेडात धरली तर तिच्यावर सोनेरी अक्षरं. एका बाजूला "चि. सौ. कां. दामि", पुढे भोक, आणि दुसऱ्या बाजूला "बहेकार यांची ज्येष्ठ कन्या".

भाऊजी, मी पाटावरून उठलो आणि पुन्हा बसलो. दामिनी ही माझीच ज्येष्ठ कन्या. पाच वर्षांपूर्वी तिच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला मिळाली नाही म्हणून घरचा जावई असा रुसला की हळदीच्या आदल्या दिवशी मला प्लांटमधून सुट्टी काढून, दुर्ग स्टेशनवरून जनरल डब्यात उभं राहून अर्जुनीला यावं लागलं, अंगणात सगळ्या गावासमोर तुम्हाला टॉवेल-टोपी करावी लागली, आणि तरी तुम्ही भिलाईला येऊन मांडवात दोन घास खाल्ले ते तोंड फिरवूनच. पोस्टाला मी काय काय बोललो! पाच वर्षं मी त्या पोस्टमनला दिवाळीचा फराळ दिला नाही. आणि पत्रिका तुमच्या कार्बोरेटरमध्ये! कौशल्या धावत आली, तिने चकती हातात घेतली, मुलीचं नाव वाचलं आणि तशीच ओट्यावर टेकली. मग उठून तिने तो पुरावा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला. तेव्हापासून ती तुमचा उल्लेख "ते" असा करते, नाव घेत नाही. (कलाबाई या वेळी उठून पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.)

असो. अहवाल पुढे चालू. जेट, म्हणजे पितळेचे ते बारीक भोकाचे खिळे, उजेडात धरले तर त्यांतून काही दिसेना. अशा वेळी लोक त्यात तार घालतात. जेटमध्ये तार घालणं आणि कानात खिळा घालणं सारखंच. भोक मोठं झालं की मोटर जन्मभर धूर ओकते. मी तार घातली नाही. मी ते जेट दोन दिवस थिनरमध्ये बुडवून ठेवले आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. (कौशल्याचा लोणच्याचा डबा यात कामी आला. तो आता लोणच्याच्या कामी येत नाही. यावरही चर्चा झाली.) नवीन गास्केट प्लांटच्या पद्धतीने शीटवर हातोडीने हलके ठोकून कापलं. सगळं जोडलं, फुगा दाबला, आणि आता दुसरा आजार समोर आला. आधी पेट्रोल येत नव्हतं, आता थांबेना. वाटीत तरंगणारा फ्लोट वर आला की सुईने वाट बंद करायची असते. त्या सुईच्या टोकाला झिजून खाच पडलेली. मी आत पाना शोधायला गेलो तेवढ्यात पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून वाहून अंगणभर पसरलं आणि वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. (पुन्हा बसून घ्या.)

माणूस रिटायर होतो, नाक होत नाही. छत्तीस वर्षं ज्याला शिकवलं की वास आला रे आला की पळा, त्याच्या हातून दुसरं काय होणार? मी कुकरखालचा गॅस बंद केला, घरात आवाज दिला, दोघींना ओले पंचे नाकावर धरायला लावले आणि वाऱ्याची दिशा बघून तिघांनाही समोरच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. हजेरी घेतली. तिघे होते, तिघे भरले. नियम असा की वास पूर्ण जाईपर्यंत कुणी आत जायचं नाही, तेव्हा आम्ही तसेच उभे. भर दुपारी, घराकडे तोंड करून, नाकाला पंचा लावून, गप्प. कलाबाईला मी समोरच्या ओट्यावरची खुर्ची आणून दिली. समोरच्या घरातले गृहस्थ बाहेर आले, आमच्याकडे बघून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडून शेजारी उभे राहिले. मग पलीकडचे दोघे. मला वाटलं, आपल्या गल्लीत सुरक्षेची काय जाण आहे! अर्ध्या तासात पंधरा-सोळा माणसं झाली. शेवटी त्या गृहस्थांनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "भैया, काठी कितने बजे उठेगी?" (इकडे प्रेतयात्रेला काठी म्हणतात.) आणि मला काही बोलता यायच्या आत एक बाई कलाबाईच्या खुर्चीपाशी बसून तिचे हात धरून रडायला लागली, की दिदी, दिल की बीमारी का कोई भरोसा नहीं, कब गुजरे भैया?

भाऊजी, त्या बाईचा दोष नाही. गल्लीला एवढंच माहीत होतं की कलाबाईच्या नवऱ्याला हृदयाचं दुखणं आहे. मी हात हलवून हलवून सगळ्यांना सांगितलं की कुणी गेलेलं नाही, पेट्रोल गेलंय. लोक हसत, थोडे नाराज होत घरी गेले. पण कलाबाईचा चेहरा मी पाहिला. तो पांढरा झाला होता. ती आत आली, जेवली नाही, आणि संध्याकाळी तुम्हाला फोन लावून तिने फक्त काय भाजी केली एवढंच विचारलं. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही वांगी म्हणालात. मला फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

सुई नवीन मिळाली (कुठे, कशी, हे वेगळं पत्र होईल), फ्लोट समतल केला, अंगणात पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये मोटरीचं बूड बुडवलं आणि दोरी ओढली. चौथ्या हिसक्याला ती सुरू झाली! काय आवाज, काय तो निळा धूर! कौशल्यादेखील तुमच्यावरचा राग विसरून टाळ्या वाजवायला लागली. दोन मिनिटांत गल्लीतून तक्रारी आल्या म्हणून बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा उत्तम. मी चोक बघितला, मंद चालीचा स्क्रू दीड फेरा उघडला, सगळं जसं हवं तसं. कलाबाईने त्या दोन्ही दिवशी बिनमिठाची भाजी केली.

मग पाण्यातली परीक्षा. कुरुद गावाच्या पलीकडे एक तलाव आहे, तिथल्या मासेवाल्यांच्या संस्थेचं काम माझा जुना जोडीदार गुलाब बघतो. तोही प्लांटमधलाच, क्रेनवर होता. त्याच्या डोंग्याला मोटर बांधली, आम्ही दोघे बसलो, सुरू केली आणि तलाव कापत निघालो. काठावर कलाबाई आणि कौशल्या उभ्या होत्या. मी हात हलवला. बरोबर चार मिनिटांनी, नेमकी मधोमध पोहोचल्यावर, मोटर दोन आचके देऊन मेली.

दोरी ओढली, नाही. फुगा बघितला तर चपटा, कुणी आतून शोषून घेतल्यासारखा. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून आवाज आला, आणि आत पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, फुगा दाबला, दोरी ओढली, पहिल्याच हिसक्याला चालू! चार मिनिटं. मेली. पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स, पुन्हा चालू, पुन्हा चार मिनिटं. आता गॅसवाल्याच्या कानाला फुस्स ऐकू आलं की तो काय समजतो? गळती. मी खिशातली टेफलॉन टेप काढली आणि झाकणावरच्या त्या बारक्या पितळी स्क्रूभोवती आणि झाकणाच्या कडेला अशी आवळून गुंडाळली की मुंगी आत जाणार नाही. मोटर आता तीन मिनिटांत मरायला लागली. गुलाब मागे टेकून बघत होता. तो म्हणाला, "तेजरामभाऊ, हे मोटर हाय का बिमार बुढा? चार पावलं चालते अन् बसते." त्याच्या बांबूला तळ लागेना, वल्हं त्याने आणलं नव्हतं (मोटर असताना वल्हं कशाला, असं मीच म्हणालो होतो), तेव्हा शेवटचा टप्पा आम्ही मोटरीच्या टोपणाने आणि माझ्या चपलेने पाणी मारत पार केला. काठावर कलाबाई हसत होती. मी तिला इतकं हसताना माझ्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने पुरणपोळी केली.

त्यानंतर सहा दिवसांत मी कार्बोरेटर सात वेळा खोलला. प्रत्येक वेळी तो आतून आरशासारखा. प्रत्येक वेळी पाण्यात तीन मिनिटं. भाऊजी, ब्लास्ट फर्नेसची गॅस लाइन मी चालू शिफ्टमध्ये बांधलीय, पण या वाटीएवढ्या यंत्राने मला हरवलं. मी मनापासून हादरलो आहे. रात्री डोळे मिटले की जेट दिसतात.

तेव्हा अहवालाचा निष्कर्ष असा की मोटर दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे. माझा सल्ला, ती मी इथेच भंगारात घालतो. तुम्ही आता मनाची समजूत घाला. घरात खुर्ची आहे, टीव्ही आहे, संध्याकाळी ओट्यावर चार माणसं बसायला येतील. काठावर जाणंही हळूहळू कमी करा, म्हणजे आठवण येणार नाही. कलाबाईच्या जिवाला त्यातच शांतता आहे. चष्मा मिळाला की शनिवारी तिला गाडीत बसवून देतो. गावातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांचे गालगुच्चे, आणि तुमच्या गोठ्यातल्या गायीच्या पाठीवरून माझ्याकडून एक हात.

तुमचा पराभूत साळा,
तेजराम

ता. क. (बसून घ्या. मी बसलोय.) वरचं पत्र पाकिटात घालण्याआधी कलाबाईला वाचून दाखवलं, कारण तिचा चष्मा अजून आलेला नाही. पत्रिकेची गोष्ट आली तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. काठीची गोष्ट आली तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. शेवटचा परिच्छेद तिने मला दोनदा वाचायला लावला, खुर्चीपासून आठवणीपर्यंत. मग म्हणाली, पुन्हा एकदा वाच. तिसऱ्यांदा वाचत असतानाच ती उठली, अंगणात गेली, टाकीच्या झाकणावरची माझी सगळी टेप नखांनी ओरबाडून काढली, तो पितळी स्क्रू तीन फेरे उघडला, पदर खोचला, आणि दोन्ही हातांनी, विहिरीतून बादली ओढावी तशी, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटर सुरू. चार मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. गल्ली तक्रार करायला आली आणि तिच्याकडे बघून परत गेली. वीस मिनिटांनी तिनेच बंद केली. मला म्हणाली, "हे झाकन तू पयल्या दिवशीच बंद केलं. मी पाहून राहिली होती. टाकीत हवा नाही गेली त पेट्रोल बाहीर कसं येईन रे?" रोज सकाळी टाकी, आधी लाँचची आणि मग या मोटरीची, काठावर नेऊन द्यायचं काम तिचंच, आणि निघताना तुम्ही तो स्क्रू उघडता हे तिने बेचाळीस वर्षं पाहिलंय. अकरा दिवस तिला माहीत होतं! अकरा दिवस ती वाटाणे सोलत मला कार्बोरेटर खोलताना बघत राहिली! मी विचारलं, मग आता का सांगितलंस? ती म्हणाली, "तो मानूस खुर्चीवर बसला त वरीसभर बी टिकनार नाही. मले वाटे, घरी राहीन त वाचन. तू लिवलं तवा मले दिसलं."

ता. क. दुसरा. पत्रिका तुम्हाला मिळाली नाही हे खरंच होतं. पोस्टमनने ती कलाबाईच्या हातात दिली, तुम्ही धरणावर होतात, तिने डब्यात ठेवली आणि विसरली. तुम्ही रुसलात तेव्हा तिला आठवलं, पण तोवर गाव जमलं होतं, तेव्हा ती घाबरून गप्प बसली. पुढे तुम्ही गास्केटसाठी जाड कागद मागितला तेव्हा तिनेच ती दिली आणि तुम्ही बिनचष्म्याने कापली. आजवर मी तुमच्याबद्दल मनात जे जे बोललो ते मागे घेतो. टॉवेल-टोपी परत करायची गरज नाही. कौशल्या पुन्हा तुमचा उल्लेख नावाने करू लागली आहे, पण आता ती नणंदेचं नाव घेत नाही. पोस्टमनला उद्या चिवडा नेऊन देतो.

ता. क. तिसरा, आणि खरं काम याच्यातच आहे. कलाबाई सांगते, मी लिहितो, यात माझा एकही शब्द नाही:

"मोटर घेऊन मी शनिवारी येऊन राहिली. बेचाळीस वरसं तुमची टाकी मी काठावर नेली अन् काठावरूनच वापस आली. तुमी एक डाव नाही म्हटलं, ये, बस. मी बी कधी नाही म्हटलं का मले बसू द्या. आता म्हणतो. दोरी मी वढीन, तुमी वढायची नाही. तुमी मांगं बसून निस्ता दांडा धरा, दांड्याले डॉक्टरनं मना नाही केलं. समोरची जागा माही राहीन, रोज, मंग थंडी असो का धुकं असो. अन् मले पोहता येत नाही, हे तुमाले मालूम हाय. मी समोर बसली त तुमी जपून चालवान."